गालावरचा नंबर

पहिल्याच भेटीत त्यांनी मला झेरॉक्स नाकारली होती. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते, हातात आमच्या संघटनेचं ताजं पत्रक होतं आणि संध्याकाळी सभा होती. नाशिकच्या सीबीएस बसस्थानकामागच्या बोळात, पेठ-सुरगाण्याच्या एसटीतून उतरलेली माणसं जिथून कचेऱ्यांकडे वळतात, तिथे त्यांचं दुकान होतं. आत दोन जुने टाइपरायटर, एक एसटीडी फोन आणि झेरॉक्सचं मशीन. मी म्हणाले, "दोनशे प्रती द्या." त्यांनी पत्रक घेतलं, वरून खालपर्यंत वाचलं, मग उलटून मागची कोरी बाजूही पाहिली.

"खाली नाव नाही," ते म्हणाले.

"वर आहे की संघटनेचं."

"लिहिलं कोणी?"

"मी."

"मग तुमचं नाव घाला. पत्ता घाला. नाव नसलेलं पत्रक आणि निनावी चिठ्ठी यांत मला फरक करता येत नाही."

मी चिडले. माझं बालपण पत्रकांच्या गठ्ठ्यांवर बसून गेलेलं. वडील कामगार संघटनेत, आई मोर्च्यात, घरात सदा शाईचा वास. असल्या दुकानदाराकडून मला काही शिकायचं नव्हतं. मी शेजारच्या दुकानात गेले, तिथे कुणी काही वाचलं नाही, विचारलं नाही, आणि प्रती पटकन हातात पडल्या. पण सभेच्या दारात उभी राहून त्या वाटताना पहिल्यांदाच माझी नजर तळच्या कोऱ्या जागेकडे जात राहिली. पुढच्या वेळी मी नाव घालून गेले. त्यांनी एक शब्द न बोलता मशीन सुरू केलं.

सगळे त्यांना सर म्हणत, कारण आसपासच्या कचेऱ्यांतल्या निम्म्या कारकुनांना टायपिंग त्यांनीच शिकवलं होतं. त्यांचं पूर्ण नाव मला ठाऊक आहे, पण इथे लिहिणार नाही. हे त्यांच्या वाचनात आलं तर पहिला प्रश्न तोच विचारतील, जो ते प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारायचे.

"कशासाठी?"

रेशनकार्ड पुढे करा, दाखला पुढे करा, गुणपत्रिका पुढे करा, आधी "कशासाठी?" उत्तर मिळाल्याशिवाय मशीनचं झाकण उघडत नसे. प्रत निघाली की निळ्या बॉलपेनने ते तिच्यावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकं लिहीत: 'फक्त शाळाप्रवेशासाठी' किंवा 'फक्त गॅसच्या अर्जासाठी', पुढे तारीख, पुढे ती कुठे द्यायची त्या कचेरीचं नाव. त्याखाली ज्याचा कागद त्याची सही. आणि प्रतीवर फोटो असेल तर त्यांच्या रजिस्टरातला नंबर ते नेमका फोटोतल्या माणसाच्या गालावर घालत.

ह्या गालावरून रोज भांडण व्हायचं.

"सर, पोरीच्या तोंडावर काय गिरगटताय? कसं दिसतं ते," एक बाप म्हणाला होता.

"लग्नाला पाठवायचाय का फोटो?"

"तसं नाय, पण बाजूला लिहा की. जागा हाय तेवढी."

"बाजूचं खोडता येतं. चेहरा कुणी खोडत नाही. चोराला चेहरा लागतो."

"आमचं कोण काय चोरतंय सर? आमच्याकडं हाय काय?"

"नाव आहे ना?" सर म्हणत. "नाव म्हणजे काही सार्वजनिक नळ नाही, कुणीही यावं आणि हात धुऊन जावं."

शेजारचं दुकान ह्यामुळेच चालायचं. घाई असलेली शहरी माणसं सरांच्या दारातून आत डोकावून तिकडे वळत. सरांकडे थांबायची ती डोंगराकडची माणसं, कारण त्यांच्या हातातल्या कागदावर काय लिहिलंय ते सर त्यांना मोठ्याने वाचून दाखवायचे. त्याचे पैसे नसत.

कारकुनांना त्यांचा वैताग यायचा. कलेक्टर कचेरीतले एक भाऊसाहेब तर त्यांच्या प्रती परत पाठवायचे, 'स्वच्छ प्रत आणा' म्हणून. मग सर दुकानाला कुलूप लावून, गिऱ्हाइकाला सोबत घेऊन स्वतः तिथे जात आणि शांतपणे विचारत, "स्वच्छ नसलेली प्रत घेऊ नये असा कोणता नियम, तेवढं लिहून द्या." भाऊसाहेब लिहून देत नसत. प्रत फायलीला लागे. "हा माणूस वेडा आहे," भाऊसाहेब सगळ्यांदेखत म्हणत. सर ते ऐकून नमस्कार करून बाहेर पडत.

बिघडलेल्या प्रतींची गंमत वेगळीच होती. बाकी दुकानांत काळपट, तिरप्या निघालेल्या प्रती टेबलाखालच्या खोक्यात जातात आणि तिथून रद्दीत. सरांच्या टेबलाखाली पाण्याची बादली होती. बिघडलेली प्रत फाडून त्या बादलीत. दिवसाअखेरी ती बादली घरी जाई आणि काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, तिचा लगदा करून, मेथ्या वाटून घालून टोपल्या लिंपत. नाशकातल्या कितीतरी घरांत त्या टोपल्या कांदे-बटाटे ठेवायला होत्या. माझ्या आईकडेही एक होती. "अर्ध्या पेठ तालुक्याची रेशनकार्डं आहेत हिच्यात," काकू सांगायच्या, "पण कुणाच्या बापाला वाचता यायची नाहीत."

एकदा गंगापूर रोडवर कसलंसं घरगुती वस्तूंचं प्रदर्शन लागलं होतं. दारातच काचेची पेटी, आणि कूपन भरा, फ्रिज जिंका. नाव, पत्ता, फोन, जन्मतारीख, नवऱ्याची नोकरी. काकूंनी हौसेने भरलं. सर पार्किंगला सायकल लावून आले तेव्हा कूपन पेटीत पडलेलं. त्यांनी स्टॉलवरच्या मुलाला विचारलं, "फ्रिज द्यायला जन्मतारीख कशाला लागते?"

"कंपनीचा फॉर्म आहे, काका."

"जिंकल्यावर विचारा. आत्ता आमचं कूपन परत द्या."

"पेटी सील आहे."

"मग आम्ही इथेच थांबतो, सील उघडेपर्यंत."

आणि ते खरंच खुर्ची ओढून पेटीशेजारी बसले. येणाऱ्या प्रत्येक बाईला विचारू लागले, "ताई, ही जन्मतारीख कुणाकडे जाणार, माहीत आहे का?" तासाभरात पेटीत कूपन पडायची थांबली, उलट चार-पाच बायका आपापली परत मागू लागल्या. शेवटी व्यवस्थापकाने वैतागून पेटी उघडली. काकू घरी येईपर्यंत बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "फ्रिज लागला असता एखादेवेळी." सर म्हणाले, "लागला असता तर दारात आणून ठेवायला पत्ता पुरला असता."

मी हे हसत सांगते आहे, पण हसं व्हायची पाळी माझ्यावरही आली होती. पाणीप्रश्नावर आम्ही सह्यांची मोहीम केली. वस्त्या-वस्त्यांतून नावं, पत्ते, सह्या, अंगठे, असे ताव भरून मी सरांकडे गेले आणि मोठ्या अभिमानाने म्हणाले, "दोन-दोन प्रती."

त्यांनी ताव चाळले. शेवटच्या तावावर अर्ध्यापर्यंतच सह्या होत्या, खाली जागा रिकामी. "वर मजकूर कुठे आहे?"

"तो टाइप करून जोडणार आहे. नंतर."

"म्हणजे लोकांनी सह्या कशावर केल्या?"

"आमच्यावर विश्वास आहे त्यांचा."

"तुमच्यावर आहे. हा ताव बसमध्ये राहिला तर ज्याला सापडेल त्याच्यावरही आहे का?" त्यांनी फूटपट्टी घेतली आणि प्रत्येक तावावरच्या रिकाम्या जागेत आडव्या रेघा मारल्या. "कोऱ्या जागेला मालक नसतो. जो आधी पोचेल त्याची ती." मग मजकूर तिथल्या तिथे टाइप करून प्रत्येक तावाच्या माथ्यावर छापला आणि मला परत वस्तीत पाठवलं, तो वाचून दाखवायला. तीन माणसांनी मजकूर ऐकून सही काढून घेतली. मला राग आला. सर म्हणाले, "आता उरल्यात त्या खऱ्या सह्या."

ह्या माणसाच्या हट्टावर पुढे सुरगाण्याच्या एका मुलीची नोकरी आणि अब्रू दोन्ही टांगलेली होती. ती गोष्ट सांगण्यासाठीच हे लिहायला बसले आहे.

मोबाईल नुकतेच सगळ्यांच्या हातात येऊ लागले होते. पानाच्या टपरीवरसुद्धा सिमकार्ड मिळे. एक फोटो आणि ओळखपत्राची झेरॉक्स दिली की झालं. दुपारची वेळ होती, मी दुकानात पत्रकाचं प्रूफ तपासत बसले होते. एक मुलगी आणि तिची आई आत आल्या. मुलीच्या हातात इलेक्शन कार्ड. सरांनी तिला ओळखलं. सुमन तिचं नाव. नर्सिंगचा कोर्स करताना ती नाशकात राहिली होती, तेव्हा दोन-तीनदा इथे येऊन गेली होती.

"ये सुमन. कशासाठी?"

तिने आईकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "पोलिसांसाठी."

सरांनी मशीनवरचा हात काढला. "बस आधी."

तिला गावाकडच्या आरोग्य उपकेंद्रात नर्स म्हणून नेमणूक मिळाली होती. आदेश हातात होता, महिनाअखेरपर्यंत हजर व्हायचं होतं, दहा दिवस उरले होते. चारित्र्य पडताळणीचा कागद तेवढा पोलिसांकडून यायचा होता. कागदाऐवजी निरोप आला, नाशिकच्या चौकीत हजर राहा. गंगापूर रोडच्या एका डॉक्टरला फोनवर धमक्या येत होत्या, पैसे दे नाहीतर मुलीला उचलू. ज्या नंबरवरून फोन येत होते तो नंबर सुमनच्या नावावर निघाला होता.

"माझ्याकडं मोबाईल नाय सर. गावात टावरच नाय," ती म्हणाली. "ते म्हणतात, सिम तुझं, फोटो तुझा, कार्ड तुझं. गुन्हा दाखल करणार. म्हणजे नोकरी गेलीच ना? इलेक्शन कार्डाची झेरॉक्स आणून दे म्हणले."

तिची आई दारातच उभी होती. "माझे पोरीनं काय केला?" एवढंच ती विचारत होती, कुणा एकाला नाही, खोलीला.

मी उठले. "मी आत्ता पत्रक लिहिते. उद्या चौकीसमोर शंभर माणसं उभी करते."

"उद्या करा," सर म्हणाले. "आज आधी त्यांच्याकडचा कागद बघू." त्यांनी सुमनच्या कार्डाची प्रत काढली, तिच्यावर 'फक्त पोलीस चौकशीसाठी' असं लिहिलं, तिची सही घेतली, गालावर नंबर घातला. मग टेबलाच्या खणातून रजिस्टर काढून काखेत मारलं, दुकानाला कुलूप लावलं आणि आम्ही चौघं निघालो.

ह्या रजिस्टरात प्रत्येक प्रतीचा नंबर, तारीख आणि कारण असे. नाव पूर्ण नाही, फक्त पहिली दोन अक्षरं. मी एकदा त्यांना टोमणा मारला होता की तुमचं हे रजिस्टरच चोरीला गेलं तर? तेव्हापासून नावं अर्धी झाली होती.

चौकीत फौजदार तरुण होते. वाईट माणूस नव्हते, थकलेले होते. सुमनला पाहून म्हणाले, "आणली का झेरॉक्स? आणि हे कोण?"

"मी तिची झेरॉक्स काढतो," सर म्हणाले.

"म्हणजे वकील नाही."

"नाही. सिमच्या अर्जाला तिची जी प्रत लावलीय, ती एकदा बघायची होती."

फौजदारांनी हवालदाराकडे पाहिलं, हवालदाराने खांदे उडवले, फाइल उघडली. अर्जावर सुमनचा फोटो, खाली इंग्रजीत सही. सुमन म्हणाली, "मी मराठीत सही करते साहेब." फौजदार म्हणाले, "सही काय, कुणीही बदलतं." अर्जामागे इलेक्शन कार्डाची झेरॉक्स. स्वच्छ, पांढरी, एक अक्षर वर नाही. मला वाटलं, ही सरांकडची प्रत नव्हतीच.

सरांनी खिशातून भिंग काढलं. कागद हातात न घेता, टेबलावरच ठेवून त्यावर वाकले. बराच वेळ वाकून राहिले.

"काय शोधताय?" फौजदारांनी विचारलं.

"हे बघा. ह्या कडेला पट्टा जरा जास्तच पांढरा आहे. खालची छापील चौकट इथे तुटलीय, इथे तुटलीय, एका तिरक्या रेषेत. मूळ प्रतीवर व्हाइटनर लावून पुन्हा झेरॉक्स काढलीय."

"असेल. मग?"

"आता तिच्या गालावर बघा."

फौजदारांनी भिंग घेतलं. "डाग आहे. झेरॉक्सचा."

"डाग नाही साहेब. अकराशे बत्तीस."

फौजदार पुन्हा वाकले. हवालदार वाकला. मी पण वाकले. राखाडी गालावर बारीक, किंचित उजवीकडे कललेले चार आकडे होते. एकदा दिसल्यावर न दिसणं शक्यच नव्हतं. चोराने सगळं पुसलं होतं, पण गाल पुसला असता तर माणूसच पुसलं गेलं असतं.

सरांनी रजिस्टर उघडून फिरवून ठेवलं. अकराशे बत्तीस. 'सुम', इलेक्शन कार्ड, एक प्रत. कारण: गंगापूर रोडवरील नर्सिंग नोकरी कार्यालयातील अर्जासाठी.

"गेली होतीस तिथे?" फौजदारांनी सुमनला विचारलं.

"हो. कोर्स संपल्यावर. खाजगी दवाखान्यात लावून देतो म्हणले होते. फोटो घेतला, झेरॉक्स घेतली. पुन्हा काही कळवलंच नाय."

फौजदार मागे रेलले. "रजिस्टर तुमचं, अक्षर तुमचं. हे तुम्ही आज सकाळी लिहिलं नाही कशावरून?"

मला वाटलं सर दुखावतील. त्यांचा चेहरा उजळला. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणी बरोबर प्रश्न विचारला," ते म्हणाले. "अकराशे एकतीस आणि अकराशे तेहतीस बघा. वरचा आणि खालचा. दोन्ही उत्पन्नाच्या दाखल्यासाठी. दोन्ही प्रती कलेक्टर कचेरीत फायलीला आहेत, आवक शिक्क्यासकट. त्यांच्या गालांवर नंबर आहेत. मी तिथे जाऊन फायली बदलत नाही."

फौजदारांनी हवालदाराला पाठवलं. कचेरी दहा मिनिटांवर होती. आम्ही बाकावर बसलो. सुमनची आई बाकावर बसेना, भिंतीला टेकून खाली बसली, तर सरही तिच्याशेजारी खाली बसले. तेवढ्यात दुसरा एक शिपाई एक कागद घेऊन आला. "मावशी, इथं खाली अंगठा द्या. आई म्हणून जबाब लागतो तुमचा."

कागद कोरा होता.

"वर काय लिहिणार?" सरांनी विचारलं.

"लिहितो की नंतर. रोजचंच आहे."

मावशींनी सवयीने अंगठा पुढे केला होता. सरांनी तो आपल्या दोन्ही हातांत धरला. "नाही," ते म्हणाले. आवाज मोठा नव्हता, पण आख्खी चौकी वळून पाहू लागली. "आधी लिहा. मग वाचून दाखवा. मग अंगठा." शिपाई काही बोलणार होता. फौजदार आतून म्हणाले, "लिहून घे आधी."

तिथेच, खाली बसून, त्यांनी मला दुकान काढण्याआधीची गोष्ट सांगितली. एका कचेरीत ते टायपिस्ट होते. साहेबांनी एक कागद दिला, तळाला अंगठा, वर कोरा. म्हणाले, एवढा मजकूर घाला. त्यांनी घातला. एक चूक न करता, समास सोडून, सुंदर. पेठकडची एक म्हातारी काही महिन्यांनी कचेरीच्या पायऱ्यांवर येऊन बसली. तिने जमीन दिली नव्हती, पण संमती तिच्याच अंगठ्याची होती. "ती मला विचारायची, बाबा, मी हे कधी म्हटलं? आणि मला माहीत होतं. ती नव्हतीच बोलली. मी बोललो होतो, तिच्या नावाने, चाळीस शब्द प्रतिमिनिट." त्यांनी साहेबांविरुद्ध लिहून दिलं, कुणी ऐकलं नाही. मग नोकरी सोडली.

आयुष्यभर मी ज्यांच्याविरुद्ध पत्रकं लिहिली ते सगळे मोठे लोक होते. आपल्या हाताने झालेल्या पापावर कुणी दुकान उभं केलेलं मी पाहिलं नव्हतं.

हवालदार परत आला तो घामाघूम, आणि त्याच्यामागे कलेक्टर कचेरीतले भाऊसाहेब, दोन फायली छातीशी धरून.

"मूळ फाइल बाहेर देता येत नाही म्हणून मीच आलो," भाऊसाहेब म्हणाले. सरांकडे त्यांनी पाहिलं नाही. फायली उघडल्या. एका म्हाताऱ्याच्या गालावर अकराशे एकतीस. एका बाईच्या गालावर अकराशे तेहतीस. आवक शिक्के त्याच आठवड्यातले, आजपासून पाऊण वर्षापूर्वीचे.

फौजदार बराच वेळ तीन प्रती शेजारी-शेजारी ठेवून पाहत राहिले. मग भाऊसाहेबांना म्हणाले, "तुमच्याकडे सगळे अशाच प्रती देतात का?"

"नाही हो. ह्यांचीच खोड." भाऊसाहेबांनी घसा साफ केला. "पण नियमात बसतं ते."

त्याच संध्याकाळी गंगापूर रोडच्या त्या कार्यालयावर पोलीस गेले. नोकरी लावणारा तिथे कुणी नव्हताच. मुलींकडून अर्ज घ्यायचे आणि झेरॉक्सचे गठ्ठे सिम विकणाऱ्या एका माणसाला पोचवायचे, एवढाच धंदा. कपाटात गठ्ठा सापडला तो सगळा डोंगराकडच्या मुलींचा. कळवण, पेठ, सुरगाणा, दिंडोरी. त्यांच्या नावावर कुठे-कुठे फोन वाजत होते हे त्यांतल्या एकीलाही ठाऊक नव्हतं. डॉक्टरला धमकावणारा त्या सिमवाल्याचाच माग काढत सापडला.

सुमनचं नाव आरोपीच्या रकान्यातून साक्षीदाराच्या रकान्यात गेलं. जबाब तिने स्वतः लिहिला, दोन पानं, मराठीत. फौजदार म्हणाले, "आमचा लेखनिक घेतो लिहून." ती म्हणाली, "मला येतं लिहिता." पडताळणीच्या कागदावर 'कोणताही गुन्हा नाही' असं लिहून, सही-शिक्का मारून फौजदारांनी तो तिच्या हातात दिला तेव्हा हजर व्हायला सात दिवस शिल्लक होते. सरांनी तो कागद वाचला, उलटून पाठ पाहिली आणि मग म्हणाले, "चांगला आहे."

पत्रक मी लिहिलंच. पण ते निषेधाचं नव्हतं. झेरॉक्सवर कारण आणि तारीख लिहा. बिघडलेली प्रत दुकानात सोडू नका. कोऱ्या कागदावर सही नको, अंगठा नको. नोकरीच्या नावाने कुणी कागद मागितले तर कुणाला दिले ते घरी लिहून ठेवा. आपल्या नावावर आपलं नसलेलं काही निघालं तर लाजून गप्प बसू नका, लेखी तक्रार करा आणि पोच घ्या. चार आठवडे आम्ही ते सीबीएसच्या फलाटांवर वाटलं, पेठ-सुरगाण्याच्या जीपवाल्यांनी ते काचांना चिकटवलं. आमच्या आजवरच्या पत्रकांत 'जनता' हा शब्द दर दोन ओळींनी यायचा. ह्यात तो एकदाही आला नाही, आणि लोकांनी घडी घालून खिशात ठेवलेलं हे आमचं पहिलं पत्रक.

हळूहळू सरांच्या दुकानात रांग लागू लागली. शेजारच्या दुकानदाराने पण टेबलावर दोऱ्याला बांधून निळं पेन ठेवलं. एक दिवस फौजदार साध्या कपड्यांत आले, स्वतःचं लायसन्स पुढे केलं. सर म्हणाले, "कशासाठी?" फौजदारांनी निमूट सांगितलं.

हे सगळं पुढचं. त्याआधी, तो महिना संपता संपता, सकाळी, दुकानातला फोन वाजला. मी तिथेच होते. सरांनी रिसीव्हर उचलला, मग मलाही ऐकू यावं म्हणून जरा लांब धरला. सुरगाण्याच्या बूथवरून खरखर येत होती.

"सर, सुमन बोलते."

"सुमन कशावरून?"

पलीकडून हसण्याचा आवाज आला. "सर, हजर झाले मी सोमवारीच. आणि रात्री पहिलं बाळंतपण केलं. एकटीनं. मुलगी हाय. तीन किलो भरली."

"बाळ-बाळंतीण?"

"दोघी चांगल्या हायेत. सर, तिकडं रजिस्टर असतं जन्माचं. त्यात शेवटचा रकाना असतो, प्रसूती कोणी केली. तिथं माझं नाव लिहिलं मी. पूर्ण."

सरांनी मोकळा हात वर केला. दारात दोन गिऱ्हाइकं कागद हातात घेऊन उभी होती, ती थांबली.

"सर? ऐकू येतंय ना?"

"येतंय," सर म्हणाले. "पूर्ण लिहिलंस ना? आडनावासकट?"

"आडनावासकट."

"वाच बघू."

आणि त्या खरखरीतून तिने आपलं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, गाव, हुद्दा, समोर रजिस्टर असल्यासारखं सगळं सावकाश वाचून दाखवलं. बूथमध्ये बहुधा गर्दी असावी, कारण मागून कुणीतरी तेच मोठ्याने पुन्हा म्हटलं.